कोरड्या नळाची धार

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... तरी हे वहीत लिहून ठेवते. चौथी शिकले आहे, चुकलं तर चुकलं.

शिरूरजवळच्या एका छोट्या दवाखान्यात मी बाळंतिणींच्या वॉर्डात मावशीचं काम करते. धाकट्या डॉक्टर मॅडमनी तिथं बेसिनवर एक फोटो चिकटवलाय – टक्कल पडलेला, मिशीवाला परदेशी डॉक्टर. मॅडम सांगायच्या, फार पूर्वी त्याच्या दवाखान्यातले डॉक्टर प्रेतं फाडून तसेच बाळंतपणाला यायचे आणि बाया तापानं मरायच्या. हा म्हणाला, हात धुवा. बाकीचे डॉक्टर त्याच्यावरच चिडले. शेवटी तो वेड्यांच्या दवाखान्यात मेला. मला फार वाईट वाटायचं. बेसिन पुसताना मी त्याचा फोटोही पुसायचे.

त्या दिवशी भर दुपारी माझी भाची सुरेखा आत कळा देत होती. मॅडम रजेवर. मोटर जळून दोन दिवस झालेले. पाणी आलं की कळावं म्हणून फोटोखालचा नळ उघडाच ठेवलेला, खाली रिकामी बादली. मोठे डॉक्टर एकाच्या सडलेल्या पायाची पट्टी करून तसेच आत निघाले.

त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नव्हती. पण दारात उभी राहिले.

“साहेब, हात धुवा.”

ते हसले. “ग्लोव्हज घालतोय ना, मावशी. आणि नळाला पाणी कुठाय?”

“ग्लोव्हज फाटत्यात. सिस्टर हातपंपावरनं आणतील, तवर थांबा.”

“सरका. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

“न्हाई येत. पर हात धुवा.”

तेवढ्यात मागं बादलीत धार पडली.

साहेब नळाकडे वळले. कोपरापर्यंत हात धुतले. साबण निघाला आणि धार थांबली... सुरेखाला मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत.

संध्याकाळी प्लंबरनं टाकी बघितली. तळाला नुसती धूळ. म्हणाला, पाइपात राहिलं असेल. नळ दोन दिवस उघडा असताना? सिस्टर म्हणतात, फोटोतल्या डॉक्टरनं सोडलं. मी तसंही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले, कुणी अडवलं नाही.

पाणी कुठून आलं, मला आजही माहीत नाही. पण ते आलं नसतं, तरी मी दारातून हलले नसते.