अक्काच्या छपरावरचं थंड ऊन

अक्काला खाली घेऊन यायचं, एवढ्यासाठीच मी कोडैकानलच्या वर पूंबारैला निघालो. अक्का माझी थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका, तिथे एकटी राहते. कुंभकोणमच्या घरावर मी सोलर पॅनेल बसवलं, तेव्हा तिनंही हट्टानं त्याच मापाचं घेतलं. त्या थंडीत ते कसलं चालतंय, वीज पुरली नाही की येईल राहायला, असा माझा डाव. घरात माझ्याशी मराठी बोलायला कुणी उरलेलं नाही, हे खरं कारण.

पहाटेची बस, त्रिची, दिंडुक्कल, मग वत्तलगुंडूहून घाट. पोट हलकं ठेवा. मी त्रिचीत पोंगल हाणला आणि वळणावळणाला पस्तावलो. कोडैकानलहून पूंबारैच्या बस मोजक्याच, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानटोपी घालून छपरावर चढलो. पॅनेलला हात लावला, गारेगार. मनात म्हटलं, जमलं. मग मीटर पाहिला. माझ्या घरी भर दुपारीही एवढा आकडा दिसला नव्हता.

"ऊन नाहीं, तरी कसें?" मी विचारलं.

आमच्या तंजावरी मराठीत कढत पाणीही ऊन आणि सूर्याचा प्रकाशही ऊन. मी जन्मभर दोन्ही एकच धरलेलं. घरात कधी तमिळ न बोलणारी अक्का तेव्हा बोलली, "वेयिल वेरे, सूडु वेरे." म्हणजे प्रकाश वेगळा, ताप वेगळा. वर हवा विरळ, धूळ कमी, म्हणून प्रकाश लख्ख. आणि गारव्यात पॅनेल जास्त वीज देतं. तापलं की सुस्तावतं, तुझ्यासारखं, असंही तिनं ऐकवलं.

दुपारी धुकं उतरलं आणि आकडा धपकन पडला. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. पण अक्काचा पंप, मिक्सर सगळं सकाळीच उरकलेलं, बॅटरी भरलेली. डोंगरात पॅनेल लावणाऱ्यांनी ही सवय जरूर उचलावी. शेवटी मी सरळच म्हटलं, खाली चल.

"मला एथें बरें आहे रे. तूंच ये."

बघू म्हणालो आणि सकाळची बस धरली.

घरी आल्यावर भर दुपारी गच्चीवर गेलो. पॅनेलला हात लावला तर चटका बसला, आकडा अक्काच्यापेक्षा कमीच. गार पाण्यानं काच तडकेल म्हणून कोमट पाणी शिंपडलं, थोड्या वेळानं आकडा जरासा चढला.

"अक्का, वाढलें बघ," मी मोठ्यानं म्हणालो.

या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मराठी बोललं होतं.