दूधभातावरची मांजर

पेणजवळ जोह्याला आमच्या घराला लागूनच गणपतीचा कारखाना आहे. घरात मासळी शिजते, कारखान्यात मात्र तिचा वासही येऊ द्यायचा नाही. नियम सासऱ्यांच्या वेळचा, पण तो पाळून घेण्यात मी त्यांच्याही चार पावलं पुढे. आमची मांजर कारखान्यातच गोणपाटांच्या ढिगात जन्मली. तिची आई बसखाली गेली म्हणून मी तिला कधी बाहेर सोडली नाही. कारखान्याची मांजर, तेव्हा तिलाही कारखान्याचाच नियम. सकाळी दूधभात, संध्याकाळी दूधभात.

उंदरांसाठी पिंजरा होता. सापडलेला उंदीर मी स्वतः शेताच्या बांधावर सोडून यायची. गणपतीच्या पायाशी ज्याला बसवायचं, त्यालाच गणपतीसमोर मांजरीने फाडावं, हे माझ्या मनाला पटत नव्हतं. रंगकामाला येणाऱ्या एका बाईने एकदा पडवीत जेवताना तिला बांगड्याचा तुकडा टाकला, तर मी इतकी बोलले की पुढचे दोन दिवस बिचारीने माझ्यासमोर डबा उघडला नाही. गिऱ्हाईक आलं की मी हौसेने सांगायची, "आमची मांजर शुद्ध शाकाहारी हाय." लोक कौतुक करायचे, फोटो काढायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तीन वर्षं अशी गेली. मग एका दुपारी तिने फूटभराची मूर्ती पाडली. शेकडो मूर्तींच्या रांगांतून जिचं शेपूटही कधी कशाला लागलं नव्हतं, तिने! मी ओरडले. आठवडाभरात दुसरी मूर्ती पडली. मग ती फळीवर उडी मारायला गेली आणि फळीच्या अलीकडेच आपटली. मी तिला उचलून दारात उन्हात आणली. कारखान्यात डोळ्यांची आखणी माझ्याकडे असते, दिवसभर डोळे काढणारी बाई मी. भर उन्हात तिची बुबुळं काळीभोर, मोठीच्या मोठी राहिली होती. ती माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती.

पेणच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "खायला काय घालता?"

मी नेहमीच्याच तोऱ्यात सांगितलं. ते कौतुक करतील असं वाटलं होतं. त्यांनी बॅटरी बंद केली.

"कुत्रा असता तर भातावर कसातरी जगला असता," ते म्हणाले. "मांजराचं तसं नसतं, वहिनी. डोळ्यांना आणि हृदयाला लागणारं टॉरिन तिला मांसातूनच मिळतं. दुधात ते पुरेसं नाही, भातात तर नाहीच. गेलेली नजर आता येणार नाही. उरलीय ती टिकवता येईल."

तिच्या पोटाला काय हवं हे मी तिला न विचारता ठरवलं होतं, आणि वर त्याची शेखी मिरवली होती. परतीच्या रिक्षात मी तिच्या टोपलीवर हात ठेवून बसले. घरी आल्यावर यांना सांगितलं, तर हे शांतपणे म्हणाले, "गणपतीने कधी सांगितलं तुला, मांजरीला उपाशी ठेव म्हणून?"

मी मोबाइलवर शोधलं. कुणी म्हणे सगळं कच्चंच द्या, कुणी म्हणे कच्चं विष. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कच्चं द्यायचं तर ताजं हवं, भांडी-हात स्वच्छ हवेत. जंतूंची भीती वाटत असेल तर नुसतं वाफवा, मीठ-मसाला काही नको. आणि नुसत्या मांसावरही ठेवू नका, मांजरांचं तयार खाणं जोडीला असू द्या. चिकनवाल्याकडून मी कोंबडीची हृदयं आणि थोडी कलेजी आणली. मागच्या पडवीत, कारखान्याच्या दाराबाहेर, बारीक तुकडे करून तिच्यापुढे ठेवले. तिने हुंगलं आणि मागे सरकली. तिला ते अन्न वाटलंच नाही! मांजरीला मांस ओळखू येऊ नये, एवढं मी करून ठेवलं होतं. दूधभातात चिमूटभर कालवत, रोज भात कमी करत, दहाव्या दिवशी तिने पहिला नुसता तुकडा खाल्ला.

त्याच दिवशी मला एकदम तिचं पिल्लू आठवलं. कारखान्यात शिरलेल्या एका बोक्यापासून झालेल्या पिल्लांतलं ते एकच जगलं होतं आणि ते वर्षापूर्वी मी रोह्याला धाकट्या बहिणीला दिलं होतं. देताना बजावलं होतं, "दूधभाताशिवाय काय देऊ नको, वळण मोडंल." दर फोनला मी विचारायची आणि ती म्हणायची, "व्हय ताई, दूधभातच."

फोन केला नाही. लाज वाटली, आणि फोनवर ती "बरा हाय" एवढंच म्हणाली असती. आमच्या मांजरीबद्दल मीही तेच म्हणत होते. सकाळच्या गाडीने रोहा गाठलं. वाटभर एकच विचार, त्याला दिसत असेल ना?

बहीण मागच्या अंगणात होती. मला पाहताच तिने लगबगीने जमिनीवरच्या ताटलीवर सूप पालथं घातलं. चांगला गलेलठ्ठ बोका आला, पंजाने सूप सारलं आणि खाली डोकं घातलं. ताटलीत कच्ची मांदेली मासळी होती. मी पदराचं टोक हलवलं. त्याने मान वर केली, टोकाकडे रोखून पाहिलं आणि नेमकी झडप घातली. उन्हात त्याची बुबुळं रेघेएवढी बारीक झाली होती.

"पहिल्या दिवसापासनं खातोय तो," बहीण खाली मान घालून म्हणाली. "मासळी न् मटनच. रागवू नको गो ताई. तुझ्यासमोर नाय म्हणायची हिंमत कुणाला हाय?"

मी रागावले नाही. त्या बोक्याला छातीशी धरलं आणि अंगणातच बसून रडले. तो सुटायला धडपडत होता, त्याचं जेवण राहिलं होतं. बहीण घाबरून विचारत होती, काय झालं, काय झालं? तिला काय सांगणार? माझ्या घरातही कुणीतरी माझ्याशी असंच खोटं बोलायला हवं होतं.