मराठीच्या रकान्यातला शेरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गेल्या आठवड्यात मुलगी म्हणाली, घरी कॉम्प्युटर घ्यायचाय, कंपनीचा की सुटे भाग जोडून केलेला, तुम्हीच यादी करा. कागदावर दोन रकाने आखले — आणि हात पुढे सरकेना. उठलो, पाणी प्यालो, परत बसलो, परत उठलो. तुम्हाला सांगून टाकतो.

आमच्या घरात माझ्या यादीशिवाय वस्तू येत नाही. सायकल, पंप, घोडेगावच्या बाजारातली म्हैससुद्धा. एक डावीकडे, दुसरी उजवीकडे, सगळं स्वतः तपासायचं, मग शेरा. कॉलेजात होतो तेव्हापासून लोक माझ्या शेऱ्यावर डोळे मिटून विसंबतात.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. माझी थोरली बहीण, अक्का, नवरा गेल्यावर सासरहून संगमनेरला आमच्याकडे आली होती. सासरी तिच्या वाट्याला दिराच्या घरची धुणीभांडी — दुसरं काय? टाइपरायटर घ्यायचा, शिकायचं आणि घरबसल्या लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे, हे तिनेच ठरवलं. वडील म्हणाले, वर्षभरात जमलं तर ठीक, नाहीतर परत सासरी.

गावात दोन जुनी मशीनं विकाऊ होती. एक इंग्रजी, एक मराठी. अक्का सातवी पास, तिचा ओढा मराठीकडे. कचेरीतले कागद आता मराठीत निघतात, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तरी निवड तिने माझ्यावर सोडली.

इंग्रजी मशीन मी नीट तपासलं. इंग्रजी टाइपिंग मला येत होतं. मराठी मशीन कोर्टातल्या एका निवृत्त टायपिस्टच्या ओसरीवर होतं. बसलो. स्वतःचं नाव टाइप करायला घेतलं — आणि पहिलंच अक्षर सापडेना. समोर चार माणसं बसलेली. दोन कळा एकदम दाबल्या गेल्या, दांड्या एकमेकींत गुंतल्या.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "राव, मशीन न्हाई, तुमची बोटं अडकत्यात. बहिणीला आठ दिस बसवा, पळंल."

"त्यांना यादी करू द्या की, ते यादीवालं हायेत," कुणीतरी म्हणालं. बाकीचे हसले.

मी उठलो. प्रवरेच्या पुलावर कठड्याशी थांबून मराठीच्या रकान्यात लिहिलं — अक्षरे अडकतात, घेऊ नये.

एवढंच. चार माणसांसमोर काही येत नाही असं दिसलं, म्हणून. आणखी कसलं कारण शोधू?

अक्काने कागद दोनदा वाचला. "बाळू, खरंच अडकतात का रे? तू स्वतः बघितलंस?"

"स्वतः बघितलं," मी म्हणालो.

इंग्रजी मशीन घरी आलं. अक्का अर्थ न कळता एकेक अक्षर शोधत बसायची. लोक मराठी अर्ज घेऊन यायचे, मशीन बघून परत जायचे. आणि ते दुसरं मशीन? पुढच्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या बायकोने घेतलं. दोन-तीन महिन्यांत ती कचेरीसमोर बसू लागली. मी रोज तिच्यासमोरून जायचो. एक अक्षर अडकत नव्हतं. वर्ष अजून सरलं नव्हतं — तेव्हा बोलता आलं असतं. मी जायचा रस्ता बदलला.

वर्ष सरलं. दीर न्यायला आला. एसटी सुटताना अक्का खिडकीतून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी यादी बरोबरच होती. माझ्याच डोक्यात शिरलं नाही."

मी मान हलवली — हो म्हणून.

अक्का अजून त्याच घरी आहे. अजून तसंच समजते.