पाटी नसलेली खोली

"हात गुंतवा, जीभ आपोआप सुटते," असं बाई उठता-बसता म्हणायच्या. शाळेतल्या समुपदेशक बाई. मुलांच्या मनात काय खुपतंय ते ऐकून घ्यायला नेमलेल्या. अंगानं काडी, पण आवाज असा, की भिंतीनंही सरकून वाट द्यावी.

त्यांच्या वाट्याला खोली आली ती खेळाच्या सामानाची. हवा गेलेले चेंडू, गुंता झालेल्या दोऱ्या, व्हॉलीबॉलची फाटकी जाळी. दुसरं कुणी असतं तर आधी अडगळ काढली असती. बाईंनी काही हलवलं नाही. आलेल्या पोराला समोर बसवून 'काय होतंय तुला' असं त्या कधी विचारत नसत. शेजारी बसवायच्या, जाळीचं एक टोक हातात द्यायच्या आणि तुटल्या ठिकाणी गाठी मारायला लावायच्या. त्या वयाची पोरं म्हणजे मिटलेल्या शिंपल्या. बोटानं उचकटायला जावं तर अधिकच मिटतात. जाळीकडे बघता बघता मात्र बोलू लागायची. आणि बाहेरून बघणाऱ्याला कळायचं नाही, की कोण मन हलकं करायला आलंय आणि कोण नुसतं चेंडूत हवा भरायला. बाईंची निम्मी विद्या त्या न कळण्यातच होती.

आठवीतली एक मुलगी अशीच येऊ लागली. एरवी वर्गातली पोपट. बाप घर सोडून गेला, त्या दिवसापासून मिठाची गुळणी धरून बसलेली. कितीतरी दिवस ती मुकाट गाठी मारायची नि निघून जायची. मग एका दुपारी एक वाक्य बोलली. काय, ते बाईंनी कुणाला सांगितलं नाही, त्यामुळे मलाही ठाऊक नाही.

नेमका तेव्हाच मोठ्या सरांना हुरूप आला. शाळा बघायला पाहुणे येणार होते. सर मनानं वाईट नव्हते. चांगलं काम दिसलंच पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट. त्यांनी खोलीच्या दाराला पिवळा रंग दिला, सामान जिन्याखाली टाकलं आणि दारावर ठसठशीत पाटी स्क्रूनं बसवली, 'मानसिक आधार कक्ष'. खाली डोकं धरून बसलेल्या मुलाचं चित्र.

पाटी लागली आणि खोली ओस पडली. त्या दाराशी कुणी जरा रेंगाळलं, की मागून आवाज यायचा, काय रे, डोकं रिपेअरला टाकलंस का. त्या मुलीलाही कुणीतरी तेच विचारलं. तेव्हापासून मधल्या सुट्टीत ती मुतारीची कडी लावून आत उभी राहायची. उघडू लागलेलं तोंड पुन्हा मिटलं.

बाईंनी सरांना परोपरीनं समजावलं. सर म्हणाले, दवाखान्यालाही पाटी असते, त्यात लाजायचं काय. मग बाईंनी शिपायाकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि मधल्या सुट्टीत, सगळ्यांदेखत, स्टुलावर चढून पाटी उतरवली.

सर धावत आले. "बाई, उद्या पाहुण्यांना मी दाखवू काय?"

"फाटकी जाळी दाखवा."

"पाटी लावा, नाहीतर खोलीची किल्ली द्या."

बाई सावकाश खाली उतरल्या. "सर, पाटी राहिली तर पोरं येणार नाहीत. मग पाहुण्यांसमोर त्या पाटीलाच बसवा आणि विचारा, बाळा, तुला काय दुखतंय?"

शिपायानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. सरांनी हात पुढे केला. बाईंनी किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

"खोली तुमची. पोरं काही तुमच्या किल्लीत नाहीत."

जिन्याखालून त्यांनी जाळी ओढून काढली, खांद्यावर टाकली आणि भर उन्हात मैदानापलीकडच्या भिंतीकडे निघाल्या. जाळीचं शेपूट मागून धुळीत फरफटत होतं. मुतारीची कडी वाजली. ती मुलगी बाहेर आली, सगळ्यांमधून चालत गेली आणि तिनं ते शेपूट उचललं. वऱ्हांड्यातून एकजण फिदकन हसला. तिनं वळून त्याच्याकडे नीट पाहिलं, अगदी त्याची मान खाली जाईपर्यंत. हातातली जाळी सोडली नाही.

दोघी चालत राहिल्या. अख्खी आठवी कठड्याला टेकून बघत होती, आणि मुठीत किल्ली घेऊन सरही.