चालू अवस्थेतली गाडी

मूर्तिजापूर मागे टाकून पाच-सात किलोमीटर झाले असतील, तेव्हा गाडीत जळका वास आला. आधी वाटलं, शेतात कुणी काडीकचरा पेटवला असेल. मग ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि गाडीचा वेग मात्र उतरत गेला. ट्रक पुढे गेले, मग एक ट्रॅक्टरही. पहिल्या गिअरमध्ये ती कशीबशी सरकत होती. मी तिला रस्त्याच्या कडेला घेतलं.

साडेनऊ वाजले होते. अकराला अकोल्यात नोकरीसाठी ताईची कागदपत्रं तपासली जाणार होती. चार वर्षं परीक्षा देऊन ती निवड यादीत आली होती, आणि पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की गैरहजर उमेदवाराचा विचार होणार नाही. अमरावतीहून बसने न जाता बाबांची जुनी गाडी काढू, हे मी सुचवलं होतं.

"तुह्याजवळ ते मदतीचं हाये ना?" बाबा मागच्या सीटवरून म्हणाले. "लाव फोन. इंग्रजीत बोल, म्हणजे ऐकतात."

ते मदतीचं म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडली तर माणूस पाठवणारी योजना. विमा भरताना मीच ती फोनवर घेतली होती, यादीतली सगळ्यांत स्वस्त. ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली. माझ्या वेळेपर्यंत बाबांची नोकरी पक्की झाली होती, म्हणून मी इंग्रजी माध्यमात गेले, आणि तेव्हापासून घरात इंग्रजीत जे काही येतं ते माझ्याकडे येतं. अटींचं पान आलं तेव्हा मी ते बोटाने तळापर्यंत सरकवलं आणि होकाराच्या चौकोनात खूण केली.

अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं तर मला आधी मनात वाक्यं जुळवावी लागतात. तशी जुळवून मी बोलले. पलीकडच्या बाई फार नम्र होत्या. त्यांनी विचारलं, गाडी हलते का? मी म्हटलं, हलते, पण फक्त पहिल्या गिअरमध्ये, आणि फार हळू. "थँक यू फॉर कन्फर्मिंग, मॅम," त्या म्हणाल्या. त्यापुढचं कळायला मला वेळ लागला. गाडी चालू अवस्थेत आहे, त्यामुळे ती मदतीत बसत नाही. आम्ही ती स्वतः जवळच्या गॅरेजमध्ये न्यावी.

फोन ठेवते न ठेवते तोच मेसेज आला. वाहन चालू अवस्थेत आढळले, विनंती पूर्ण. आढळले? कुणाला? मी पुन्हा फोन लावला. आता दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी सांगितलं की या योजनेत वर्षाला एकच विनंती मिळते आणि आमची वापरून झाली आहे.

मी ते मराठीत सांगितलं. बाबा दोन सीटांच्या मधून पुढे वाकले.

"वापरली? कोणं वापरली?"

"आपणच. आत्ता फोन केला, तीच."

"गाडी चालू नाही बाबा," ताई म्हणाली, "कंपनी चालू हाये." मग माझ्याकडे वळून, "अन् तू काहून सांगतलं हलते म्हून? बंद हाये म्हणाचं ना सरळ! कोर्टात साक्ष देऊन राहिली जशी!"

"हलत होती ना," मी म्हटलं.

फाईल छातीशी धरून ती खाली उतरली आणि हात दाखवू लागली. दोन एसट्या थांबल्याच नाहीत. बऱ्याच वेळाने संत्र्यांनी भरलेला एक पिकअप थांबला.

"समोर एकच जण मावते, बाई," ड्रायव्हर म्हणाला. "मांगं माल हाये."

ताई चढली. बाबा एका दुचाकीवाल्याच्या मागे बसून मूर्तिजापूरला मेकॅनिक शोधायला गेले. मी काचा वर करून बसले आणि अटींचं पान पहिल्यांदा वाचलं. टायर बदलून देतील, पण टायर आपला हवा. गाडी ओढून नेतील, पण ती पूर्ण थांबलेली हवी, आणि झिजलेल्या भागामुळे थांबलेली नको. जाताना बाबा क्लच गेला असेल म्हणाले होते; तो झिजणाऱ्या भागांत होता. म्हणजे मी खोटं बोलले असते तरी काही मिळालं नसतं. एकही शब्द अवघड नव्हता. शाळेत याहून कठीण उतारे मी सहज सोडवले होते.

साडेअकराला ताईचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती. "नाव पुकारून झालं माहं. साहेब म्हणतात अर्ज दे, उशिराचं कारण लिही, अन् पुरावा जोड. त्या कंपनीचा मेसेज पाठव ना मले."

मी मेसेज उघडला. आम्ही रस्त्यात अडकलो होतो याचा एवढाच लेखी कागद आमच्याकडे होता, आणि त्यात गाडी चालू असल्याचं लिहिलं होतं.

"पाठवून राहिली ना?"

"थांब थोडं," मी म्हटलं. त्यात काय लिहिलंय ते माझ्या तोंडून निघेना.

तेवढ्यात बाबा मेकॅनिकला घेऊन आले. त्याने गाडी सुरू केली, क्लच सोडला. गाडी जागची हलली नाही.

"प्लेट जळाली. ओढूनच न्या लागते हे."

"भाऊ, तेवढं लिहून द्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

त्याने बॉनेटवर पावतीपुस्तक ठेवून लिहिलं, 'क्लच प्लेट जळाली. गाडी बंद.' खाली तारीख आणि सही. मग दोर अन् ट्रॅक्टर घेऊन येतो म्हणून तो परत गेला.

पावतीचा फोटो मी ताईला पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. बाबा मैलाच्या दगडावर बसून होते.

अडीचला ताईचा फोन आला, तो बाबांनीच उचलला. तिचं नाव सगळ्यांत शेवटी घेतलं होतं, पण घेतलं होतं. पावतीची प्रिंट साहेबांनी अर्जाला लावून घेतली होती. बाबांनी डोळे पुसले आणि फोन माझ्या हातात दिला.

"मी आता बसनं घरी जातो," ताई म्हणाली. "तुमी कसे येता?"

ट्रॅक्टरचा अजून पत्ता नव्हता. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी गाडीकडे.