उत्कर्षा आणि लीडेलांचा स्कॉट

उत्कर्षा बनसोडे २०११ च्या मार्चमध्ये ब्राउनश्वाइगला आली. पुढची तीन वर्षं कुणी "तू काय करतेस?" असं विचारलं, की ती "सध्या जर्मन शिकतेय" एवढंच सांगायची. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. नवरा अनुप रोज सकाळी ट्रेन पकडून वोल्फ्सबुर्गला एका सप्लायर कंपनीत जायचा. मुलगी ईप्सिता किंडरगार्टनमध्ये रमली होती आणि आईनं मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर द्यायला लागली होती. उत्कर्षाची इतिहासातली एम.ए. आणि कोल्हापूरच्या दफ्तरखान्यातली पाच वर्षं मात्र फाइलमध्ये पडून होती. डिग्री पाहून इथल्या ऑफिसातली बाई सौजन्यानं म्हणाली होती, "छान आहे, पण आमच्याकडे याला समांतर असं काही नाही."

दफ्तरखान्यात ती मोडी वाचायची. कापडी रुमालात बांधलेली दप्तरं सोडायची, कागद पसरायचे आणि शब्दाशब्दांत जागा न सोडता, लेखणी न उचलता लिहिलेल्या ओळी देवनागरीत उतरवायच्या. श्रीरंग पोतदार नावाच्या वयस्कर जाणकारांनी तिला शिकवलं होतं. ते म्हणायचे, "अक्षर वाचू नकोस पोरी, हात वाच. लिहिणारा एकदा ओळखीचा झाला, की तो तुला फसवत नाही."

२०१४ च्या सप्टेंबरात ग्रंथालयातल्या फलकावर तिला एक कागद दिसला. ब्राउनश्वाइगपासून बसनं अर्ध्या तासावर आल्टेनरोडे नावाचं छोटं गाव आहे. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी तिथं आणि आसपासच्या खेड्यांत स्कॉटलंडहून आलेली बरीच माणसं कायमची राहिली होती. कुणी सैन्याबरोबर आलेलं, कुणी विणकर, कुणी व्यापारी. त्यांच्या घराण्यांचा माग काढून 'शॉटनबूख', म्हणजे स्कॉट लोकांचं पुस्तक, तयार करायचं होतं. काम एरनआम्ट, म्हणजे विनावेतन. जुनं हस्ताक्षर वाचता येणारे किंवा शिकायची तयारी असलेले लोक हवे होते.

तिनं फोनमध्ये फोटो काढला आणि जेवताना अनुपला दाखवला.

"अगं, हे जुनं हस्ताक्षर म्हणजे कुरेंट लिपी," तो म्हणाला. "माझ्या ऑफिसातल्या जर्मन लोकांनासुद्धा येत नाही."

"मग मोडी तरी कुठे येते मराठी माणसांना?" उत्कर्षा म्हणाली, आणि भात वाढून घेतला. तिचं ठरलं होतं.

दर गुरुवारी दहाला चर्चच्या गेमाइंडेहाउसमध्ये, म्हणजे सभागृहात, बैठक असायची. सूत्रं हानेलोरे ड्रायर यांच्या हाती होती. सत्तरीच्या, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. त्यांनी नव्या बाईला नीट बघून घेतलं आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतलं एक पान तिच्यापुढे सरकवलं. "एक ओळ करून बघा. घाई नाही."

उत्कर्षा तीन आठवडे घरी कुरेंटची बाराखडी गिरवून आली होती. तिनं पंधरा मिनिटं घेतली आणि ओळ अक्षरन् अक्षर वाचून दाखवली.

"अर्थ कळला?" फ्राउ ड्रायरनी विचारलं.

"नाही. निम्मे शब्द मला माहीत नाहीत. पण अक्षरं हीच आहेत."

फ्राउ ड्रायर पहिल्यांदा हसल्या. "आल्झो, तर मग शब्द आमच्याकडे आहेत. अक्षरं आम्हाला कुणीतरी हवीच होती."

तिथून तिचा जम बसला. दीड वर्षात तिनं आठशेवर नोंदी उतरवल्या. हळूहळू जर्मन शब्दही आपसूक येत गेले, तेही सतराव्या शतकातले. एकदा बेकरीत तिनं असा काही जुनाट शब्द वापरला, की काउंटरवरची मुलगी बघतच राहिली. काम किचकट होतं, कारण लिहिणाऱ्यांनी स्कॉट लोकांची नावं कानाला पडतील तशी लिहिली होती. एकच माणूस चार पानांवर चार तऱ्हेनं यायचा. कित्येकदा नावच नाही, नुसतं 'तो स्कॉट' किंवा 'स्कॉटाची बायको'. गटातले बाकीचे अशा नोंदींवर वैतागायचे. उत्कर्षा वैतागायची नाही. दफ्तरखान्यात तिनं ढिगानं कागद पाहिले होते, ज्यांत आधी जात लिहिलेली असायची आणि मग, जागा उरलीच तर, नाव. अशा माणसाला कागदातून बाहेर कसं काढायचं, याची तिला सवय होती.

गटाचे एक आश्रयदाते होते, हॅर लीडेल. वय अठ्ठ्याहत्तर. आल्टेनरोडेत त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, ते आता मुलगी चालवायची. लीडेल म्हणजे मूळचं लिडेल, स्कॉटिश नाव. घराण्याचा मूळपुरुष विल्हेल्म लिडेल हा घोडदळाचा अधिकारी, रिटमायस्टर होता, स्वीडिश सैन्याबरोबर आला आणि इथं राहिला, असं हॅर लीडेलांच्या आजोबांनी छापून ठेवलं होतं. दुकानात घोडेस्वाराचं चित्र होतं. २०१६ च्या सप्टेंबरात टाउनहॉलमध्ये प्रदर्शन भरणार होतं, आणि त्यातला पहिला फलक या रिटमायस्टरचा असणार होता.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये मूळ नोंद तपासायचं काम उत्कर्षाकडे आलं. सन १६५२. मुलाचा बाप्तिस्मा. बापाचं नाव विल्हेल्म लिडेल, पुढे तीन अक्षरांचं लघुरूप, आणि मग 'स्कॉट'. ती तीन अक्षरं आजोबांनी आर-एम-आर अशी वाचली होती आणि त्याचा अर्थ रिटमायस्टर लावला होता.

उत्कर्षा पहिल्या अक्षरापाशी थांबली. मग तिनं त्या पाद्र्याच्या हातची अकरा वर्षांची पानं काढली. रेगिना, रोझिना, रूडॉल्फ अशी आरनं सुरू होणारी नावं एका कागदावर, काटारिनासारखी के असलेली दुसऱ्या कागदावर. पाद्र्याचा आर खाली येऊन आत वळायचा. के बाहेर फेकलेला असायचा, पाय पसरून बसलेल्या माणसासारखा. लिडेलच्या पुढचं अक्षर पाय पसरून बसलेलं होतं.

के-एम-आर. क्रामर. म्हणजे टोपली घेऊन फिरणारा फेरीवाला, किरकोळ विक्रेता.

तिनं दोन गुरुवार ते कुणाला सांगितलं नाही. आणखी सहा ठिकाणी पाद्र्यानं हेच लघुरूप वापरलेलं तिनं शोधलं. सहाच्या सहा जण इतर कागदांवरून दुकानदार किंवा फेरीवाले निघाले. तिसऱ्या गुरुवारी तिनं सगळे कागद टेबलावर ओळीनं मांडले.

हॅर लीडेल त्या दिवशी आलेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांचे कान लाल झाले.

"तुम्ही किती वर्षं आहात इथं, फ्राउ बनसोडे?"

"पाच."

"आम्ही साडेतीनशे आहोत. आणि माझ्या आजोबांना आमचं नाव वाचता येत नव्हतं, असं तुम्ही म्हणताय."

"त्यांना येत होतं," उत्कर्षा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पण त्यांनी एकच पान पाहिलं. मी अकरा वर्षांची पानं पाहिली आहेत."

हॅर लीडेलांनी कोट उचलला आणि ते निघून गेले.

फ्राउ ड्रायर म्हणाल्या, "आपण फलकावर 'बहुधा रिटमायस्टर' असं लिहू या का? कुणाचं नुकसान नाही त्यात. ते म्हातारे आहेत."

उत्कर्षाला फ्राउ ड्रायरबद्दल मनापासून आदर होता. म्हणूनच तिनं लगेच उत्तर दिलं, रेंगाळून नाही. "बहुधा काही नाही त्यात. कागदावर क्रामर आहे. तुम्हाला 'बहुधा' लिहायचं असेल तर लिहा, पण मग वाचणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढा."

बसमधून घरी येताना तिनं सगळे कागद पुन्हा एकदा चाळले. आपण चुकलो, असं तिला एकदाही वाटलं नाही. उलट पाच वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, की या गावात आपलं एक मत आहे आणि त्याला वजन आहे.

तीन आठवडे हॅर लीडेल फिरकले नाहीत. चौथ्या गुरुवारी दार उघडून आत आले, कुणाशी न बोलता उत्कर्षाच्या समोरची खुर्ची ओढून बसले आणि खिशातून एक भिंग काढलं. जाड पितळी कडेचं, दुकानातलं.

"आर दाखवा," ते म्हणाले.

तिनं कागद पुढे केला. ते एकेका अक्षरावर भिंग धरून बघत राहिले. "आता के." पुन्हा तेच. चाळीस वर्षं लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा माणूस तासभर स्वतः वाचत होता. फ्राउ ड्रायरनी कॉफी आणून ठेवली, ती गार झाली. शेवटी त्यांनी १६५२ चं पान ओढलं, एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"के आहे," ते म्हणाले. "सरळ सरळ के आहे."

मग, जरा खाली मानेनं, "तर आम्ही टोपलीवाले."

"हॅर लीडेल," उत्कर्षा म्हणाली, "माझ्या गावाकडच्या एका हद्दीच्या भांडणाचा दोनशे वर्षांपूर्वीचा कागद मी वाचलाय. दोन गावांचे पाटील भांडत होते. शेवटी हद्द कुठे, ते सांगितलं एका महारानं. येसनाक त्याचं नाव. महार म्हणजे त्या काळी ज्याला गावाच्या आत राहू देत नसत, असा माणूस. तो पुढे चालला आणि त्याच्या पावलांमागून हद्द आखली गेली. तो माझ्या वडिलांकडचा पूर्वज. घोड्यावर बसलेला कुणी आमच्या घराण्यात नाही. पण तो कागद वडिलांनी काच लावून भिंतीवर टांगलाय."

हॅर लीडेलांनी भिंग बाजूला सारलं. "त्याच्या पावलांमागून?"

"गेनाऊ, अगदी तसंच. पाटील मागे."

ते मोठ्यानं हसले. तोवर त्यांना हसताना तिथं कुणी पाहिलं नव्हतं.

"मग माझ्या टोपलीवाल्याचं आणखी काही सापडतं का बघा," ते म्हणाले.

आजवर सगळे लीडेल मंडळींचा शोध सैन्याच्या याद्यांत घेत आले होते, आणि अर्थातच काही मिळत नव्हतं. उत्कर्षा नगरपरिषदेच्या अर्जांच्या गठ्ठ्यांकडे वळली. फेरीवाल्याला गावात बसायचं, तर परवानगी लागणार, आणि परवानगी म्हणजे अर्ज. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिला तो मिळाला. सन १६६८. कारकुनानं वर नुसतं 'स्कॉटाच्या बाईचा अर्ज' असं खरडलं होतं. आत मात्र नाव होतं. मार्गारेटे, विल्हेल्म लिडेलची विधवा.

गुरुवारी तिनं तो हॅर लीडेलांना वाचून दाखवला, एकेक ओळ थांबत. "माझा नवरा बावीस वर्षं पाठीवर टोपली घेऊन या गावच्या दारोदार फिरला. सुया, दोरा आणि फिती त्यानं विकल्या आणि कुणालाही खोटं माप दिलं नाही. दोनदा त्यानं वेशीच्या आत जागा मागितली, दोनदा त्याला परका माणूस म्हणून नाही म्हटलं गेलं. आता तो तुमच्याच मातीत आहे. तर तो परका कसा, हे मला सांगावं, आणि बाजारात मला एक फळी मांडू द्यावी."

खाली सहीच्या जागी तिनं छोटीशी कात्री काढली होती. दोन्ही पाती उघडलेली. शेजारी वेगळ्या हातानं एकच शब्द होता, 'मंजूर'.

हॅर लीडेलांनी चष्मा काढून पुसला. "रिटमायस्टर असता," ते म्हणाले, "तर हिला कधी बोलावंच लागलं नसतं. आणि मग आम्हाला ही कळलीच नसती."

प्रदर्शन सप्टेंबरच्या सतरा तारखेला उघडलं. पहिला फलक मार्गारेटेच्या अर्जाचा होता. कात्रीची सही इतकी मोठी करून छापली होती, की दारातूनच दिसावी. फ्राउ ड्रायरनी प्रास्ताविक केलं आणि वाचन कुणी शोधलं ते स्पष्ट सांगितलं. 'बनसोडे' हे नाव त्यांनी अगदी नीट उच्चारलं, घरी सराव केला असणार. अर्ज वाचायचा हट्ट हॅर लीडेलांनी धरला होता. 'तो परका कसा, हे मला सांगावं' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. हॉलमध्ये दीडशे माणसं होती. काहींच्या घरच्या दंतकथाही आता डळमळणार होत्या. त्यांपैकी दोघं नंतर उत्कर्षाला गाठून म्हणाले, आमचंही पान एकदा बघा ना, काय असेल ते असो.

दुकानातलं घोडेस्वाराचं चित्र हॅर लीडेलांनी काढलं नाही. "चित्र चांगलं आहे," ते म्हणायचे, "माणूस दुसरा कुणीतरी आहे."

त्या हिवाळ्यात नगरपरिषदेनं उत्कर्षाला अभिलेखागारात अर्धवेळ नेमलं. मुलाखतीत तिच्या डिग्रीला समांतर काय, हा प्रश्न निघाला. समितीवरच्या एका गृहस्थांनी प्रदर्शनाची पुस्तिका टेबलावर ठेवली आणि पुढचा प्रश्न विचारला. 'शॉटनबूख' २०१८ मध्ये छापून झालं. एकशे चाळीस घराणी, त्यांतली बहुतेक विणकरांची, फेरीवाल्यांची आणि पळून आलेल्या शिपायांची. प्रस्तावनेच्या आधीचं एक पान उत्कर्षानं मागून घेतलं होतं. ज्यांची नावं कागदावर कधी आलीच नाहीत, नुसतं 'तो स्कॉट' किंवा 'स्कॉटाची बायको' एवढंच लिहिलं गेलं, अशा एकोणसाठ नोंदी तिनं त्या पानावर तारखेसह ओळीनं छापायला लावल्या.

पुस्तक आलं त्या दिवशी ईप्सितानं ते पान उघडलं. ती आता नऊ वर्षांची होती. बोट ठेवून तिनं सगळ्या तारखा वाचल्या आणि विचारलं, जर्मनमध्येच, "यांची नावं शोधणार का तू?"

"शोधतेय," उत्कर्षा म्हणाली. "चार सापडलीसुद्धा."