सोमवारचा घास

"हा उपवास नाही ताई, हा आजार आहे," परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या. माझी सतरा वर्षांची गौरी शेजारच्या कॉटवर सलाईन लावून पडली होती. सेलूला कॉलेजच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडली म्हणून तिला आणलं होतं. आजाराचं नाव अनोरेक्सिया नर्व्होसा.

बाईंनी सोपं करून सांगितलं. यात वजन वाढायची इतकी भीती बसते की भूक असूनही घास उतरत नाही. हा हट्ट नव्हे, नखराही नव्हे. हा आजार मुलग्यांनाही होतो. शरीर उपाशी राहिलं की हृदयाचे ठोके मंदावतात, पाळी थांबते, उकाड्यातही थंडी वाजते. हे सगळं मी वर्षभर डोळ्यांनी पाहिलं होतं.

पाहिलं होतं आणि मिरवलंही होतं! आमचं घर शिवभक्तांचं. लिंगपूजेआधी कुणी तोंडात घास घालत नाही. गौरीनं आधी सोमवार धरला, मग गुरुवार, शनिवार, चतुर्थी. उरलेल्या दिवशी पित्ताचं निमित्त. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "लय भक्तीची पोरगी हाय." मी फुगून माहेरी फोन करायची. केस गळायला लागले तेव्हा तेल बदललं, टॉनिक आणलं, दृष्टही काढली. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! उपवासाची भगरसुद्धा ती गाईला घालायची, हे कळायला दवाखाना गाठावा लागला.

पहिले काही दिवस रक्ततपासणी आणि ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, यांची वाट बघण्यात गेले. मला वाटायचं, आता हिला दोन्ही हातांनी भरवावं. बाईंनी थांबवलं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरावर एकदम अन्न लादलं तर रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं. आहार देखरेखीखाली, हळूहळूच वाढवतात. मानसोपचारतज्ज्ञ गौरीशी रोज बोलायचे. त्यांनी आम्हालाही शिकवलं : ताटावरून रागवायचं नाही, वजनाचा विषय काढायचा नाही, शेजारी बसून आपणही जेवायचं. तुमच्या घरात असं काही दिसलं तर पोरगी पडायची वाट बघू नका, आधी दाखवा.

पंधरा दिवसांनी घरी आलो आणि लगेच सोमवार आला. गौरीनं ताट सरकवलं.

"आज न्हाई. व्रत मोडलं तर पाप लागंल."

देवाला डॉक्टरांची चिठ्ठी कशी दाखवायची?

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, स्वतः लग्न होऊन या घरात आल्यापासून सोमवार धरतात. त्या पूजेवरून उठल्या, गौरीजवळ बसल्या आणि मला म्हणाल्या, "मला बी वाढ."

"आजी, काय करायलीस? सोमवार हाय!"

"ठावं हाय. महादेवाला सांगून आले. माझी त्याची जुनी वळख हाय, त्यो न्हाई रागवायचा. तू बरी होस्तवर माझा बी सोमवार बंद."

त्यांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवून तोंडात घातला. गौरी रडली. मग तिनंही घास घेतला. चतकोर भाकरीला तिला पाऊण तास लागला. आत्याबाईंचं कौतुक करावं तेवढं थोडंच, पण त्या एकेका घासाला गौरीला लागलेली हिंमत मी समोर बसून पाहिली. एवढी हिंमत माझ्यात नाही.

पुढं सगळं सरळ झालं असं नाही. परीक्षेच्या दिवसांत आजार उलटला, पुन्हा परभणीच्या फेऱ्या झाल्या. आता दीड वर्ष झालं. ठोके नीट आहेत, पाळी सुरू झाली, उपचार चालू आहेत. लोकांना मात्र मी, गौरीला टायफॉइड झाला होता, असंच सांगायची. पोरीचं लग्न व्हायचंय ना!

गेल्या श्रावणात शेजारीण आली. तिची लेक आठवड्यातून चार उपवास करते, अंगानं निम्मी झाली तरी सोडत नाही, असं अभिमानानं सांगत होती. मी सवयीनं "वा!" म्हणाले. गौरी आतून आली आणि तिच्याजवळ बसली.

"काकू, मला टायफॉइड नव्हता. मला खायची भीती वाटायची. उपवास हाय म्हणलं की कुणी पुढं विचारायचंच न्हाई. तुमी तिला आज विचारा. मी येते संगं."

शेजारणीनं माझ्याकडं पाहिलं. इतके दिवस खोटं बोलल्याची मला लाज वाटली.

"खरं हाय तिचं," मी म्हणाले.

तिघी तशाच उठून शेजारी गेलो. गौरी सगळ्यांत पुढं होती.